दाविद किपियानी : एक क्लब आणि दोन देश

काळा समुद्र आणि कास्पियन समुद्र यांच्या दरम्यान कॉकेशस पर्वताची जी प्रचंड रांग पसरली आहे, तिच्या दक्षिणेस जॉर्जिया हा लहानसा देश आहे. त्याची भाषा स्वतंत्र, लिपी स्वतंत्र आणि इतिहास पुष्कळ जुना. चौथ्या शतकातच या देशाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे अरब, मंगोल, इराणी, तुर्क आणि अखेरीस रशियन अशा अनेक सत्ता त्याच्यावरून गेल्या. १९२१ मध्ये तो सोव्हिएत राजवटीखाली आला आणि १९९१ पर्यंत सोव्हिएत संघाच्या पंधरा प्रजासत्ताकांपैकी एक म्हणून राहिला. त्या सत्तर वर्षांत जॉर्जियन माणसाला आपले वेगळेपण उघडपणे मिरवण्याच्या जागा फार थोड्या होत्या. गाणे, मेजवानी आणि रंगभूमी या त्यांपैकी काही. फुटबॉल ही आणखी एक.

या फुटबॉलचा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील इतिहास सांगावयाचा, तर तो दाविद किपियानी यांच्या आयुष्याच्या आधारे सांगणे सर्वांत सोयीचे ठरते. ते प्रथम खेळाडू होते, मग प्रशिक्षक झाले. दोन्ही भूमिकांत त्यांचे नाव प्रामुख्याने एकाच क्लबशी जोडले गेले : दिनामो त्बिलिसी. परंतु ज्या देशात ते खेळले, तो देश ते प्रशिक्षक असतानाच नाहीसा झाला आणि त्याच्या जागी दुसरा, कितीतरी लहान देश उभा राहिला. या स्थित्यंतरात फुटबॉलने काय मिळविले आणि काय गमावले, याचा हिशेब त्यांच्या कारकिर्दीत स्पष्ट दिसतो.

सोव्हिएत फुटबॉलची चौकट

किपियानी यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९५१ रोजी त्बिलिसी या राजधानीच्या शहरात झाला. त्या काळच्या सोव्हिएत संघातील फुटबॉलची रचना समजून घेतल्याखेरीज त्यांच्या खेळाचे महत्त्व ध्यानात येणार नाही.

सोव्हिएत संघात धंदेवाईक खेळाडू अधिकृतपणे अस्तित्वातच नव्हता. प्रत्येक क्लब कोणत्या ना कोणत्या संस्थेशी जोडलेला असे : कोणी रेल्वेशी, कोणी सैन्याशी, कोणी कारखान्याशी. ‘दिनामो’ ही १९२३ मध्ये स्थापन झालेली क्रीडासंस्था पोलीस आणि सुरक्षादलांशी संबंधित होती आणि मॉस्को, कीव्ह, मिन्स्क, त्बिलिसी अशा अनेक शहरांत तिचे संघ होते. खेळाडू कागदोपत्री त्या त्या संस्थेचा नोकर असे. प्रत्यक्षात मात्र तो दिवसभर फुटबॉलच खेळत असे. परदेशी क्लबकडे जाऊन खेळण्याची मोकळीक त्याला नव्हती. खेळाडू कितीही गुणवान असला, तरी त्याच्या कर्तृत्वाला देशाच्या सीमेचे कुंपण पडलेले होते.

या कुंपणाच्या आत जी राष्ट्रीय स्पर्धा होती, ती मात्र अत्यंत कठीण होती. मॉस्कोचे चार-पाच बलाढ्य संघ, युक्रेनमधील कीव्ह आणि दोनेत्स्क, आर्मेनियातील येरेवान, बेलोरशियातील मिन्स्क अशा संघांशी वर्षभर झुंजावे लागे. त्बिलिसीचा संघ १९२५ मध्ये स्थापन झाला. मोहक खेळाबद्दल त्याची ख्याती होती; परंतु राष्ट्रीय विजेतेपद मिळविण्यासाठी त्याला १९६४ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी गुण समान झाल्यामुळे ताश्कंद येथे निर्णायक सामना झाला आणि त्यात दिनामोने मॉस्कोच्या तोर्पेदो संघाचा ४-१ असा पराभव केला. मिखेइल मेस्खी आणि स्लाव्हा मेत्रेवेली हे दोन्ही बगलांवरून धावणारे खेळाडू त्या संघाचे भूषण होते. किपियानी तेव्हा तेरा वर्षांचे होते.

खेळ मांडणारा खेळाडू

सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी किपियानी दिनामोच्या संघात आले आणि काही वर्षांतच मध्यफळीचे सूत्रधार बनले. उंच, सडपातळ शरीरयष्टी, ताठ मान आणि अकाली विरळ झालेले केस यांमुळे ते मैदानावर दुरूनही ओळखू येत.

फुटबॉलमध्ये काही खेळाडू गोल करतात, काही गोल होऊ देत नाहीत. तिसरा एक प्रकार असा असतो की, जो इतरांसाठी खेळ मांडतो. अशा खेळाडूचे मुख्य साधन पाय नसून दृष्टी हे असते. चेंडू आपल्याकडे येण्यापूर्वीच मैदानावर कोण कोठे आहे आणि क्षणभराने कोण कोठे असेल, याचे चित्र त्याच्या मनात तयार असावे लागते. मग चेंडू पायाशी येताच तो योग्य वेगाने, योग्य दिशेने, धावणाऱ्या सहकाऱ्याच्या पुढ्यातील मोकळ्या जागेत सोडावयाचा. पास क्षणभर लवकर गेला, तर सहकारी पोहोचत नाही. क्षणभर उशिरा गेला, तर प्रतिस्पर्धी पोहोचतो. या दोन क्षणांमधील जी फट, तीत किपियानी यांचा सारा खेळ सामावलेला होता. त्यांना फार वेगाने धावण्याची गरज क्वचितच भासे, कारण त्यांच्याऐवजी चेंडूच धावत असे.

अर्थात अशा खेळाडूला त्याचे पास ओळखणारे सहकारी लागतात. १९७६ मध्ये नोदार आखाल्कात्सी हे दिनामोचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांनी असा संघ घडविला. बचावफळीत अलेक्सांद्र चिवाद्झे होते. ते बचावपटू असूनही संधी मिळताच पुढे येऊन गोल करीत. आघाडीला रामाझ शेंगेलिया आणि व्लादिमीर गुत्साएव होते. मध्यफळीत वितालि दारासेलिया हे न दमणारे तरुण खेळाडू होते. त्याच वर्षी संघाने येरेवानच्या अरारात संघाला ३-० असे हरवून सोव्हिएत चषक जिंकला. १९७७ मध्ये किपियानी यांची सोव्हिएत संघातील वर्षाचा सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटू म्हणून निवड झाली. १९७८ मध्ये दिनामोने कीव्हच्या संघाला मागे टाकून दुसऱ्यांदा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले आणि १९७९ मध्ये पुन्हा एकदा चषक पटकाविला.

या यशाला एक वेगळी पार्श्वभूमीही होती. १९७८ च्या एप्रिल महिन्यात, नव्या संविधानातून जॉर्जियन भाषेचा राजभाषा हा दर्जा काढून टाकण्याच्या प्रस्तावाविरुद्ध त्बिलिसीच्या रस्त्यांवर हजारो लोक उतरले. सोव्हिएत राजवटीत असे उघड निदर्शन दुर्मीळच होते. सरकारने माघार घेतली आणि भाषेचा दर्जा कायम राहिला. त्याच वर्षी दिनामोने मॉस्को आणि कीव्ह यांना मागे टाकले. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही; पण ज्या लोकांनी त्या एकाच वर्षात अनुभवल्या, त्यांच्या मनात त्या एकमेकींपासून फार दूर राहिल्या नसाव्यात.

हुकलेले तीन विश्वचषक

एवढ्या गुणवत्तेच्या खेळाडूने सोव्हिएत राष्ट्रीय संघाकडून केवळ १९ सामने खेळावेत, हे प्रथमदर्शनी आश्चर्याचे वाटते. त्याचे एक कारण त्या काळच्या विचारप्रवाहात आहे. १९७५ मध्ये कीव्हच्या दिनामो संघाने यूरोपीय चषकविजेत्यांचा करंडक जिंकला. त्या संघाचे प्रशिक्षक व्हालेरी लोबानोव्हस्की हे फुटबॉलकडे शास्त्र म्हणून पाहत. अकरा खेळाडूंनी एका यंत्रणेप्रमाणे हालचाल करावी, प्रत्येकाने अखंड धावावे, प्रत्येकाच्या कामगिरीची आकडेवारी ठेवावी, असा त्यांचा दंडक होता. त्यांचा क्लब जवळजवळ जसाच्या तसा राष्ट्रीय संघ म्हणून उभा केला गेला. क्षणाच्या प्रेरणेवर खेळणाऱ्या, कमी धावून अधिक पाहणाऱ्या किपियानी यांच्यासारख्या खेळाडूला या यंत्रात जागा सापडणे अवघड होते. तरीही १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या सोव्हिएत संघात ते होते.

दुसरे कारण निव्वळ दुर्दैवाचे होते. १९७४ च्या विश्वचषकाला सोव्हिएत संघ गेलाच नाही. चिलीतील लष्करी उठावानंतर तेथील मैदानावर निर्णायक सामना खेळण्यास नकार दिल्यामुळे तो स्पर्धेबाहेर पडला होता. १९७८ च्या विश्वचषकासाठी तो पात्र ठरला नाही आणि १९८० च्या यूरोपीय स्पर्धेसाठीही नाही. उरला १९८२ चा विश्वचषक. त्या वेळेपर्यंत राष्ट्रीय संघाची सूत्रे कॉन्स्तांतिन बेस्कोव्ह यांच्याकडे आली होती आणि किपियानी यांना संघात पुन्हा स्थान मिळाले होते. परंतु तेथेही नशिबाने साथ दिली नाही. त्याविषयी पुढे सांगावयाचे आहे.

लिव्हरपूल ते ड्युसेलडॉर्फ

क्लबच्या सामन्यांत मात्र या खेळाडूला जगासमोर येण्याची संधी मिळाली. १९७९ च्या यूरोपीय चषकात पहिल्याच फेरीत दिनामोची गाठ इंग्लंडच्या लिव्हरपूल संघाशी पडली. लिव्हरपूलने १९७७ आणि १९७८ अशी लागोपाठ दोन वर्षे हा चषक जिंकलेला होता. पहिला सामना लिव्हरपूलने आपल्या मैदानावर २-१ असा जिंकला. ऑक्टोबरमध्ये त्बिलिसी येथे झालेल्या परतीच्या सामन्यात, प्रेक्षकांनी गच्च भरलेल्या मैदानावर दिनामोने ३-० असा विजय मिळविला. गुत्साएव, शेंगेलिया आणि चिवाद्झे यांनी गोल केले. पुढच्या फेरीत हाम्बुर्गकडून हार पत्करावी लागली. तरीही यूरोपला या संघाचे नाव ठाऊक झाले.

१९८०-८१ च्या चषकविजेत्यांच्या करंडक स्पर्धेत दिनामोची खरी वाटचाल झाली. उपउपांत्य फेरीत लंडनच्या वेस्ट हॅम संघाशी त्यांच्याच मैदानावर खेळताना दिनामोने ४-१ असा विजय मिळविला. सामना संपला तेव्हा यजमान संघाच्या प्रेक्षकांनी पाहुण्यांचे टाळ्यांच्या गजरात अभिनंदन केले. आपल्या संघाचा पराभव पाहून उठणाऱ्या प्रेक्षकांनी असे करणे हे फुटबॉलमध्ये क्वचितच घडते. उपांत्य फेरीत हॉलंडच्या फायनूर्द संघाला त्बिलिसीत ३-० असे हरविल्यानंतर परतीचा सामना ०-२ असा गमवावा लागला. पण एकूण गोलांवर दिनामो अंतिम फेरीत गेला.

अंतिम सामना १३ मे १९८१ रोजी पश्चिम जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे झाला. प्रतिस्पर्धी होता पूर्व जर्मनीचा कार्ल झाइस येना. दोन्ही संघ समाजवादी देशांतील असल्याने त्यांच्या समर्थकांना पश्चिमेत येणे जवळजवळ अशक्य होते आणि स्थानिक लोकांना या सामन्यात रस नव्हता. त्यामुळे त्या विशाल मैदानावर पाच हजारसुद्धा प्रेक्षक नव्हते. उत्तरार्धात येनाने प्रथम गोल केला. काही मिनिटांतच गुत्साएव यांनी बरोबरी साधली. सामना संपण्यास चार मिनिटे उरली असताना दारासेलिया यांनी बचावपटूंना चकवीत आत शिरून दुसरा गोल केला. यूरोपीय करंडक जिंकणारा दिनामो त्बिलिसी हा कीव्हनंतरचा दुसराच सोव्हिएत संघ ठरला. तिसरा कोणताही झाला नाही. ड्युसेलडॉर्फची बाके रिकामी होती. त्बिलिसीत मात्र त्या रात्री लोक रस्त्यावर आले.

या विजयानंतर काही महिन्यांतच, स्पेनमध्ये रेआल माद्रिद संघाविरुद्ध झालेल्या एका मैत्रीपूर्ण सामन्यात किपियानी यांचा पाय मोडला. १९८२ च्या विश्वचषकाला जो सोव्हिएत संघ गेला, त्यात चिवाद्झे कर्णधार होते, शेंगेलिया आणि दारासेलिया होते. प्रशिक्षकांच्या मंडळात आखाल्कात्सी होते. या सर्वांचा खेळ ज्यांच्या भोवती फिरत असे, ते किपियानी तेवढे नव्हते. त्याच वर्षी त्यांनी खेळातून निवृत्ती स्वीकारली. वर्षाच्या अखेरीस दारासेलिया मोटार अपघातात मरण पावले. अवघ्या दीड वर्षात एका थोर संघाचा मध्यबिंदू नाहीसा झाला.

मैदानाच्या कडेला

उत्तम खेळाडू उत्तम प्रशिक्षक होतोच असे नाही. किंबहुना पुष्कळदा उलटच अनुभव येतो. ज्याला एखादी गोष्ट सहज साधते, ती आपल्याला कशी साधते हे त्याला सांगता येत नाही. बेताच्या गुणवत्तेच्या खेळाडूला प्रत्येक गोष्ट घासून शिकावी लागलेली असते, म्हणून तो शिकविण्यात वाकबगार होतो. या नियमानुसार किपियानी यांच्यापुढील काम अवघडच होते. दृष्टी ही त्यांची सर्वांत मोठी देणगी आणि तीच दुसऱ्याला देणे सर्वांत कठीण. मात्र एक गोष्ट त्यांच्या बाजूने होती. खेळ मांडणारा खेळाडू मैदानावर असतानाच अर्धा प्रशिक्षक असतो. दहा सहकाऱ्यांच्या जागा आणि चाली मनात ठेवणे, हे काम त्यांनी दहा वर्षे केलेले होते.

१९८४ मध्ये दिनामोची सूत्रे प्रथम त्यांच्याकडे आली. तेव्हा त्यांचे वय अवघे ३२ वर्षांचे होते आणि संघातील काही खेळाडू तर त्यांचे कालपरवापर्यंतचे सहकारी होते. ज्या संघाने यूरोप जिंकला, तो आता उतरणीला लागला होता. दोन हंगामांनंतर त्यांनी हे पद सोडले. १९८८ मध्ये ते पुन्हा त्याच जागी आले. या दुसऱ्या खेपेस त्यांच्यापुढे उभा राहिलेला प्रश्न केवळ फुटबॉलचा नव्हता.

९ एप्रिल १९८९ रोजी त्बिलिसीच्या मध्यवर्ती रस्त्यावर स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या निदर्शकांवर सोव्हिएत सैन्याने हल्ला केला. सुमारे वीस माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. या घटनेनंतर मॉस्कोशी कोणत्याही प्रकारचा संबंध ठेवणे अनेक जॉर्जियन लोकांना असह्य झाले. फुटबॉलही त्याला अपवाद राहिला नाही. १९९० च्या प्रारंभी जॉर्जियाने स्वतःचा फुटबॉल महासंघ स्थापन केला आणि तेथील प्रमुख क्लबांनी सोव्हिएत स्पर्धेतून अंग काढून घेतले. देश अद्याप स्वतंत्र झालेला नव्हता. ते व्हावयास आणखी एक वर्ष लागले. राजकीय स्वातंत्र्याच्या आधी फुटबॉलने स्वातंत्र्य घोषित केले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. दिनामो हे सोव्हिएत नावही टाकून देण्यात आले आणि क्लबने काही काळ ‘इबेरिया’ हे पूर्व जॉर्जियाचे प्राचीन नाव धारण केले. या संघाचे प्रशिक्षक किपियानी होते.

स्वातंत्र्याची किंमत

या निर्णयाचा अर्थ काय होता, हे नीट समजून घ्यावयास हवे. एका वर्षापूर्वीपर्यंत दिनामोचे सामने मॉस्कोच्या स्पार्ताकशी, कीव्हच्या दिनामोशी, येरेवानच्या अरारातशी होत. आता ते पोती, कुताइसी, गोरी अशा लहान शहरांच्या संघांशी होऊ लागले. पन्नास लाखांच्या देशात जेवढे चांगले खेळाडू निर्माण होऊ शकतात, ते डझनभराहून अधिक संघांत वाटले गेले. ज्या शहरात लिव्हरपूलचा सामना पाहण्यास गर्दी उसळली होती, तेथे हे सामने पाहावयास कोण येणार? शिवाय नव्या महासंघाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली ती १९९२ मध्ये. तोवर यूरोपीय स्पर्धांची दारेही बंद होती. दिनामोने १९९० पासून १९९९ पर्यंत लागोपाठ दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली. सोव्हिएत काळातील दोन विजेतेपदांसाठी त्या क्लबला पन्नासहून अधिक वर्षे झगडावे लागले होते. दोन मोठी की दहा मोठी, हे गणित मांडण्याची गरज नाही.

यावर असे म्हणता येईल की, निर्णय चुकीचा होता. परंतु त्या काळच्या त्बिलिसीत उभे राहून पाहिले तर दुसरा कोणताही निर्णय शक्य नव्हता. ज्या राजवटीच्या सैनिकांनी रस्त्यावर माणसे मारली, तिच्या स्पर्धेत पुन्हा जाऊन खेळावयाचे, हे खेळाडूंनाही मानवले नसते आणि प्रेक्षकांनाही नाही. काही निर्णय असे असतात की, ते योग्य असतात आणि तरीही त्यांची किंमत द्यावी लागते. ती किंमत निर्णय घेणाऱ्या पिढीलाच भरावी लागते. किपियानी यांच्या प्रशिक्षकपदाचा बराचसा काळ ही किंमत चुकविण्यात गेला.

१९९१ च्या अखेरीस त्बिलिसीच्या रस्त्यांवर यादवी युद्ध पेटले. पाठोपाठ अबखाझियातील युद्ध आले. वीज, इंधन, पगार या साऱ्यांचीच टंचाई झाली. किपियानी काही काळ सायप्रसमधील ऑलिंपियाकोस निकोसिया संघाचे प्रशिक्षक म्हणून गेले. गुणवान खेळाडूही देश सोडू लागले. शोता आर्वेलाद्झे तुर्कस्तानात गेले, गिओर्गी किन्क्लाद्झे इंग्लंडमध्ये मॅन्चेस्टर सिटीकडे गेले. १९९५ मध्ये किपियानी पुन्हा दिनामोकडे आले तेव्हा त्यांच्या कामाचे स्वरूप बदललेले होते. पूर्वीचा प्रशिक्षक संघ बांधीत असे आणि तो संघ वर्षानुवर्षे टिकत असे. आता प्रशिक्षकाने तरुण खेळाडू घडवावा आणि तो घडताच परदेशी क्लबने त्याला घेऊन जावे, अशी रीत पडली. कुंपण मोडल्याचा हा परिणाम होता. ज्या दारातून किपियानी यांना कधी बाहेर जाता आले नाही, तेच दार आता त्यांचे शिष्य उघडून जात होते.

राष्ट्रीय संघ

१९९७ मध्ये किपियानी यांच्याकडे जॉर्जियाच्या राष्ट्रीय संघाची धुरा आली. त्यांच्या आधी या जागेवर त्यांचे जुने सहकारी चिवाद्झे होते. १९९८ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत जॉर्जियाच्या गटात इंग्लंड आणि इटली हे दोन बलाढ्य देश होते. गटातून वर जाण्याची आशा जवळजवळ नव्हतीच. तरीही त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये त्बिलिसी येथे इटलीला ०-० अशा बरोबरीत रोखण्यात जॉर्जियाला यश आले.

या बरोबरीचे मोल गुणतक्त्यात पाहावयास मिळते. गटाच्या अखेरीस इंग्लंडचे १९ गुण झाले आणि इटलीचे १८. विजयासाठी तीन गुण आणि बरोबरीसाठी एक, असा हिशेब होता. त्बिलिसीत इटली जिंकला असता, तर त्याचे २० गुण होऊन तो गटात पहिला आला असता. त्या एका बरोबरीने हातभार लावल्यामुळे इटलीला विश्वचषकात जाण्यासाठी रशियाशी जादा सामने खेळावे लागले. ज्याच्या हाती स्वतः जिंकण्याइतके बळ नाही, तोही मोठ्यांच्या भवितव्यात ढवळाढवळ करू शकतो. लहान राष्ट्रांच्या फुटबॉलमध्ये प्रशिक्षकाला बहुधा एवढ्याच समाधानावर भागवावे लागते.

यानंतर किपियानी यांनी एक अनपेक्षित मार्ग धरला. जन्मभर ज्या क्लबशी त्यांचे नाव जोडले गेले होते, त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे, पश्चिम जॉर्जियातील तोर्पेदो कुताइसी संघाचे प्रशिक्षकपद त्यांनी स्वीकारले. २००० मध्ये या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळविले आणि दिनामोची दहा वर्षांची मक्तेदारी मोडली. २००१ मध्ये त्याने ते पुन्हा जिंकले. वरकरणी ही जुन्या घराशी केलेली फारकत वाटेल. वस्तुतः जॉर्जियन फुटबॉलला याचीच अत्यंत गरज होती. ज्या स्पर्धेत एकच संघ दरवर्षी जिंकतो, ती स्पर्धा त्या विजेत्यालाही काही शिकवीत नाही. सोव्हिएत काळात दिनामोला घडविले ते त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनी. आता दिनामोला प्रतिस्पर्धी मिळवून देण्याचे काम दिनामोच्याच सर्वांत थोर खेळाडूने केले.

याच काळात त्यांनी रेवाझ द्झोद्झुआश्विली यांच्या समवेत राष्ट्रीय संघाची जबाबदारीही पुन्हा एकदा सांभाळली. १७ सप्टेंबर २००१ रोजी त्बिलिसीजवळ झालेल्या मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. पन्नासावे वर्ष पूर्ण होण्यास दोन महिने उरले होते.

पुढची पिढी

जॉर्जियाच्या राष्ट्रीय चषक स्पर्धेला पुढे दाविद किपियानी यांचे नाव देण्यात आले. गुर्जानी या गावातील मैदानही त्यांच्या नावाने ओळखले जाते. परंतु त्यांच्या पिढीने जी किंमत मोजली, तिची परतफेड होण्यास बराच काळ जावा लागला.

२६ मार्च २०२४ रोजी त्बिलिसीच्या ज्या मैदानावर १९७९ मध्ये लिव्हरपूलचा पराभव झाला होता, त्याच मैदानावर जॉर्जियाने ग्रीसला पेनल्टींच्या आधारे हरविले आणि इतिहासात प्रथमच यूरोपीय अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात प्रवेश मिळविला. त्या वर्षीच्या जूनमध्ये जर्मनीत जॉर्जियाने पोर्तुगालसारख्या संघाचा २-० असा पराभव केला आणि पुढच्या फेरीत स्पेनकडून १-४ अशी हार पत्करली. या संघातील बहुतेक खेळाडू परदेशी क्लबांकडून खेळणारे होते. मॉस्को आणि कीव्ह यांच्याशी झुंजून जे शिक्षण किपियानी यांच्या पिढीला मिळे, ते आता इटली, फ्रान्स, स्पेन येथील स्पर्धांतून मिळू लागले. स्वातंत्र्याने एक कठीण शाळा बंद केली होती; त्याच स्वातंत्र्याने दुसऱ्या, अधिक कठीण शाळांचे दार उघडले. मात्र पहिली शाळा बंद होणे आणि दुसरीचे विद्यार्थी तयार होणे, यांमध्ये चौतीस वर्षे गेली.

या संघाचा सर्वांत प्रसिद्ध खेळाडू ख्विचा क्वारात्स्खेलिया. त्याची जडणघडण दिनामो त्बिलिसीच्याच तरुण गटांत झाली. पोर्तुगालविरुद्धच्या सामन्यात दुसऱ्याच मिनिटाला पहिला गोल त्याने केला. त्याचा जन्म २००१ च्या फेब्रुवारीत त्बिलिसीत झाला. किपियानी यांचा मृत्यू झाला, तेव्हा तो सात महिन्यांचा होता.